वरून सगळं हिरवंच दिसतं

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला, उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळीत मावणारं नाही म्हणून निवांत लिहितेय. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातलं जंगल गेल्या पंचवीस वर्षांत किती गेलं ते सॅटेलाइटवरून काढायचं, एमएस्सीच्या प्रोजेक्टला. विषय मस्तच आहे. पण पुढे तू लिहिलंयस की "२००० आणि २०२५ चा एनडीव्हीआय (हिरवेपणाचा आकडा) काढून वजाबाकी करणार", तिथे मी अडखळले. वजाबाकी काय, कॉम्प्युटर मिनिटात करून देईल, त्या आकड्यात जंगल किती आणि बाकीचा कचरा किती हे मात्र तो सांगणार नाही, ते तुलाच बघायला लागेल.

एनडीव्हीआय म्हणजे शेवटी काय, तर पान लाल प्रकाश पिऊन टाकतं आणि निअर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा लालच्या पलीकडचा प्रकाश, जोरात परत फेकतं, त्या दोघांतल्या फरकाला त्यांच्या बेरजेनं भागायचं, झालं. त्यातून पान किती आहे ते कळतं. पान कुणाचं आहे ते अजिबात कळत नाही. आणि दोडामार्गात नेमकं तेच झालंय ना, जंगल तोडून तिथे माळरान नाही झालं, रबर आलं, काजू आला, अननस आला. रबराची आठ-दहा वर्षांची बाग वरून बघितलीस तर जंगलाइतकीच हिरवीगार, म्हणजे तुझी वजाबाकी जिथे सगळ्यात जास्त उलथापालथ झालीय तिथेच "काही बदल नाही" असं सांगणार, आणि तू ते रिपोर्टात लिहून मोकळी होणार.

सरकारी आकडे बघतानाही हे डोक्यात ठेव. भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल दर दोन वर्षांनी येतो, १९८७ पासून येतोय, त्यात एक हेक्टर किंवा जास्त जागेवर झाडांची दाटी १० टक्के किंवा वर असली की ते वनाच्छादन, मालकी कुणाची, झाड कुठलं, हे बघितलं जात नाही. आंब्याची बाग धरली, रबर धरलं, बांबू धरला. मी त्यांना नावं ठेवत नाहीये बरं का, व्याख्या अहवालात छापलेली असते, आपणच वाचत नाही आणि मग "वनक्षेत्र वाढलं" अशी हेडलाइन आली की एक तर टाळ्या वाजवतो नाहीतर शिव्या देतो.

मग करायचं काय? मला विचारशील तर हिरव्याच्या मागे लागूच नकोस, उघड्या मातीच्या मागे लाग. जंगल तोडून बाग लावायची म्हणजे मध्ये एक-दोन उन्हाळे ती जमीन उघडी पडतेच, झाडं तोडली, जाळलं, जेसीबी फिरला, उतारावर पायऱ्या काढल्या, आणि खालची तांबडी जांभ्याची माती वर आली. जानेवारी ते एप्रिलच्या चित्रांत ती अशी काही उठून दिसते की चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाहीस. त्यामुळे २००० आणि २०२५ ही दोन टोकं धरू नकोस, मधलं प्रत्येक वर्ष घे आणि प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक चौकोनी ठिपक्याला, विचार की तू कधी एकदा तरी उघडा पडला होतास का, आणि पडला असशील तर कुठल्या साली. शंका आली की गुगल अर्थमधली जुनी चित्रं उघड, नव्या बागेच्या पायऱ्या तिथे रेघांसारख्या दिसतात.

दुसरं म्हणजे वर्षभराचा आलेख काढ. रबराची पानं हिवाळ्याच्या शेवटाला गळतात आणि थोड्याच आठवड्यांत नवी पालवी येते, पानगळीचं रान मात्र पार उन्हाळाभर ओकंबोकं असतं, काजू आणि सदाहरित रान बारा महिने हिरवं. एका चित्रात सगळे सारखे दिसतील पण वर्षाच्या आलेखात रबर बऱ्यापैकी वेगळं पडतं. काजू आणि सदाहरित जंगल वेगळं करणं अवघड आहे, ते आधीच सांगून ठेवते, तिथे रडू नकोस.

आता पिक्सेलबद्दल. पुस्तकात १० मीटर, ३० मीटर असं लिहिलेलं असतं आणि त्यातून काहीच डोळ्यासमोर येत नाही. गुंठ्यात विचार कर. सेंटिनल-२ या युरोपच्या उपग्रहाचा १० मीटरचा पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक गुंठा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा ३० मीटरवाला साधारण नऊ गुंठे, आपल्या भारतीय उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा साडेपाच गुंठे. आपल्याकडे घराशेजारच्या पाच गुंठ्यांत नारळ असतो, पोफळी असतात, एक फणस, विहीर आणि वर कौलारू घर, आणि लँडसॅट या सगळ्याचा मिळून एकच आकडा देतो. म्हणून लँडसॅटवर "इथली पाच गुंठे झाडी गेली" असलं विधान कुणी केलं तर हसून सोडून द्यायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन चित्रांत फरक दिसला की पहिला संशय जंगलावर घ्यायचा नाही, बाकी सगळ्यांवर आधी घ्यायचा. महिना तोच आहे का? नोव्हेंबरचं रान आणि मार्चचं रान शेजारी ठेवलंस तर अर्धा सह्याद्री तोडल्यासारखा दिसेल, आणि त्या वर्षी पाऊस लांबला असेल तर महिना तोच असूनही फरक पडेल. सावली बघितलीस का? हे उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास डोक्यावरून जातात, डिसेंबर-जानेवारीत तेव्हा सूर्य आग्नेयेला आणि खाली असतो, त्यामुळे घाटाच्या पश्चिमेकडचे कडे काळ्या सावलीत जातात आणि साधं क्लासिफिकेशन, म्हणजे कॉम्प्युटरनं केलेली जंगल-शेत-पाणी अशी वाटणी, त्यांना खुशाल पाणी म्हणून रंगवतं, कड्याच्या पोटाला मस्त लांबलचक तलाव. पाण्याच्या बाबतीत उलटंही होतं, उजनीवर जलपर्णी पसरली की सॅटेलाइटला ते शेत वाटतं आणि धरण आटल्यासारखं दिसतं.

आणि यंत्र तेच आहे का? इथे भले भले फसतात. लँडसॅट-७ चा एक भाग ३१ मे २००३ ला बिघडला, त्यानंतरच्या त्याच्या प्रत्येक चित्रात पट्टे आहेत आणि साधारण २२ टक्के भाग गायब. तुला २००० ते २००२ हवंय तर ते बिघाडाच्या आधीचं आहे, बिनधास्त वापर. सेंटिनल-२ ची गोष्ट आणखी बेरकी आहे, २५ जानेवारी २०२२ पासून त्यांनी डेटा तयार करायची पद्धत बदलली आणि प्रत्येक आकड्यात १००० मिळवायला लागले, ते वजा न करता जुना आणि नवा डेटा जोडलास तर २०२२ च्या सुरुवातीला अख्ख्या कोकणाचा एनडीव्हीआय धाडकन खाली आलेला दिसेल. जंगलाला काही झालेलं नसतं गं! गुगलच्या अर्थ इंजिनवर, जिथे ही चित्रं ऑनलाइनच हाताळता येतात, हे दुरुस्त केलेलं 'हार्मोनाइज्ड' कलेक्शन वेगळं ठेवलंय, तेच घे, नाव नीट वाचून घे.

पुराचा विषय पण तू शेवटी एका ओळीत टाकलायस, "नाहीतर कोल्हापूरचा पूर करू का" म्हणून. करू शकतेस, पण तो सोपा आहे अशा समजुतीत नको. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं जे केलं ते ढगांमुळे साध्या कॅमेऱ्यातून दिसायची शक्यता कमीच, तिथे रडार लागतं, सेंटिनल-१ वगैरे. संथ पाण्यावरून रडारची लहर पुढे निघून जाते, परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं, इथपर्यंत सोपं. पण लावणीनंतर भाताच्या खाचरात पाणी असतंच, तेही काळंच दिसतं, त्याला पूर म्हणशील. आणि उलट, ऑगस्टमधला आडसाली ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेलेला असतो, खाली कंबरभर पाणी असलं तरी सेंटिनल-१ ची साडेपाच सेंटिमीटरची लहर पाल्यावरूनच परत फिरते, तिला खालचं पाणी कळतच नाही. म्हणजे कोल्हापूर-सांगलीत, जिथे शिवारभर ऊसच ऊस, तिथे पुराचा नकाशा खऱ्या पुरापेक्षा लहान यायचा धोका आहे. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाचा निसार हा रडार उपग्रह अवकाशात गेला, त्याची एल-बँडची (लांब लहरीची) लहर २४ सेंटिमीटरच्या आसपास आहे, ती पाल्याच्या आत जास्त शिरते, त्यामुळे उसाखालच्या पाण्यासाठी मला त्याच्याकडून खूप आशा आहे. पण आत्ताच्या प्रोजेक्टला तू जंगलच धर.

डीप लर्निंगबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरला उदाहरणं दाखवून बागा ओळखायला शिकवण्याबद्दल, विचारलंयस. शिकू नको म्हणत नाही, पण आत्ता नको. आधी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हातानं पन्नासेक बागांच्या हद्दी काढ, डोळा तयार होऊ दे. आणि ९५ टक्के अचूकता आली म्हणून नाचू नकोस, कारण समज तुझ्या भागात ९५ टक्के जमीन बदललीच नसेल तर "काहीच बदललं नाही" असं सांगणारा कोरा नकाशासुद्धा ९५ टक्के अचूक ठरतो की! बदललेल्या भागाची अचूकता वेगळी काढ, खऱ्या बदलातला किती पकडला आणि पकडलेल्यातला किती खरा, हे दोन्ही आकडे दे. हेक्टर सांगताना नुसते पिक्सेल मोजून सांगू नकोस, नमुन्याचे पॉइंट तपासून अंदाज काढ आणि कमी-जास्त किती असू शकतं तेही लिही, परीक्षक खूश होतील आणि नाही झाले तरी तेच बरोबर आहे.

आणि जागेवर जा. याला पर्याय नाही. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा रंग बदलला हे लँडसॅटच्या चित्रातही दिसलं, पण का बदलला ते पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत तपासले तेव्हा कळलं, खारट पाण्यातले हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. तुझ्याकडेही तसंच होणार. कोकणातला सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार, घे, मे महिन्यात वरून नुसता काळपट खडक, कुणीही ओसाड जमीन म्हणून रंगवून टाकेल, आणि पावसाळ्यात त्याच सड्यावर गवत, फुलं, पाण्याची डबकी. तो उघडा पडलाय म्हणून तुझ्या "जंगलतोड" मध्ये गेला तर चुकीचं होईल, तिथे मोठी झाडं कधी नव्हतीच. हे गावातल्या माणसाला विचारलंस तर एका वाक्यात सांगेल, आणि कुठली बाग कुठल्या साली लावली हे तर सांगतीलच, चहाही देतील.

फेब्रुवारीत जा, तेव्हा रबराची पानगळ आणि नवी पालवी प्रत्यक्ष बघायला मिळेल. पॉइंट फक्त डांबरी रस्त्याच्या कडेचे घेऊ नकोस, सगळे तेच करतात आणि रस्त्याच्या कडेलाच बागा जास्त असतात, मग हिशोब तिकडे झुकतो. प्रत्येक पॉइंटला चारही दिशांचे फोटो काढ, तारीख टाक. तिलारीच्या बाजूला हत्तींचा वावर आहे, एकटी आणि अंधार पडल्यावर फिरू नकोस, वनखात्याला आधी कळवून ठेव, हे मी तुझ्या आईच्या वतीनेही लिहितेय.

एक गंमत सांगून थांबते. आपल्या देशात रिमोट सेन्सिंगचा, म्हणजे असं दुरून बघण्याचा, सुरुवातीचा मोठा प्रयोग १९७० मध्ये केरळात झाला, शास्त्रज्ञ पिशारोटी सरांचा, माडांना लागलेला रोग हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फोटो काढून शोधायचा. स्वतःचा आयआरएस-१ए उपग्रह वर जायला पुढे १९८८ उजाडलं. आणि लँडसॅटची चित्रं २००८ मध्ये फुकट झाली, त्याआधी लँडसॅट-७ च्या एका सीनला, म्हणजे एका चित्राला, सहाशे डॉलर पडायचे, तुझ्यासारखं वर्षावर्षाचं चित्र घ्यायचं स्वप्नसुद्धा कुणी बघत नव्हतं.

तर आता असं कर. कोड चालवायच्या आधी एक साधी एक्सेल शीट बनवून मला पाठव, प्रत्येक ओळीत एक चित्र, तारीख, उपग्रह, ढग किती टक्के, आणि शेवटच्या कॉलममध्ये त्या वर्षी पाऊस कधी संपला ते. ज्या वर्षांची जानेवारी-एप्रिलची स्वच्छ चित्रं मिळत नाहीत त्या ओळी पिवळ्या कर. ती शीट बघितली की मग कुठून कुठपर्यंतची वर्षं घ्यायची ते फोनवर बोलून ठरवू, रविवारी सकाळी दहानंतर कधीही कर.

तुझी,
मावशी