पाळी गेल्यावर वाढलेलं वजन आणि स्तनाचा कर्करोग यांचा खरंच संबंध आहे का?

आईची पाळी जाऊन पाच वर्षं झाली, वजन वाढलंय, आणि डॉक्टर कर्करोगाचं नाव काढून वजन उतरवा म्हणतात, ते उगाच घाबरवतायत का, असं तुम्ही विचारलंय. उगाच नाही.

मी नेरुळची, वय ६१. डावा स्तन काढून चार वर्षं झाली. रोज रात्री जेवण झालं की लेट्रोझोलची छोटी पिवळी गोळी घेते. ती लिहून दिली तेव्हा मी विचारलं होतं, "पाळी कधीच गेली, मग आता इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन येतं कुठून?" डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे पोटाचा गोल काढून दाखवला. अंडाशय थांबतात, पण चरबीतलं अ‍ॅरोमाटेज नावाचं एन्झाइम इस्ट्रोजेन बनवतच राहतं. चरबी जास्त, तर तेही जास्त. स्तनाच्या कर्करोगाच्या बऱ्याचशा गाठी या इस्ट्रोजेनवरच पोसतात. माझी गोळी ते एन्झाइमच अडवते.

जादा चरबीने आतल्या आत सूजही येते. ही पाय सुजल्यासारखी डोळ्यांना दिसत नाही. चरबीच्या पेशी फार फुगल्या की काही मरतात. त्यांना साफ करायला आलेल्या पांढऱ्या पेशी भोवती कोंडाळं करून बसतात आणि जी रसायनं सोडतात, त्यांनी अ‍ॅरोमाटेज आणखी वाढतं. शिवाय लठ्ठपणात इन्सुलिन चढं राहतं, त्यानेही पेशींच्या वाढीला जोर मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये जादा चरबीशी जोडलेले १३ कर्करोग सांगितले, त्यात पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग आहे. पाळी चालू असताना मात्र हे गणित असं नसतं.

म्हणून आईची कंबर टेपने मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. पण वजनावरून तिला बोलू नका, कळकळीने सांगते. "माझ्या वजनानेच झालं का?" असं मीही विचारलं होतं. एकेका बाईबद्दल तसं कुणीच सांगू शकत नाही, असं उत्तर मिळालं. बारीक बायकांनाही होतो.

आणि तपासणीला न्याच. टाटा रुग्णालयाने मुंबईत दीड लाखाच्या वर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. दर दोन वर्षांनी प्रशिक्षित बाईने नुसत्या हाताने तपासलं, तरी पन्नाशीपुढच्या बायकांमधले या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. तुम्ही स्वतः सोबत जा. माझी गाठ आंघोळ करताना हाताला लागली होती. दुखत नव्हती, म्हणून दोन महिने मी घरात कुणाला बोललेच नाही.