'समन्वयाखाली' लिहावं का?

सोलापूरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. त्या एक अहवाल मराठीत तयार करत आहेत आणि त्यातल्या या वाक्यापाशी अडल्या आहेत: 'ऊर्जामंत्र्यांच्या समन्वयाखाली ऊर्जा विभाग, महावितरण आणि वीज नियामक आयोग काम करतात.' 'समन्वयाखाली' त्यांच्या कानाला खटकतं. पण त्याजागी 'अखत्यारीत' लिहावं, 'अधिपत्याखाली' की 'अधिनस्त', हे ठरत नाही.

ताई, तुमचा कान बरोबर सांगतोय. मराठीत 'खाली' लागतं ते वरून भार असलेल्या शब्दांना: हुकमाखाली, देखरेखीखाली, दडपणाखाली, नेतृत्वाखाली. समन्वय वरून येत नाही, तो आपसांत होतो. म्हणून समन्वय 'साधतात', 'राखतात', 'ठेवतात'. कुणाशी तरी किंवा दोघांमध्ये. फार तर 'समन्वयाने' किंवा 'समन्वयातून' काम होतं.

हे नुसतं व्याकरणाचं बोट ठेवणं नाही. 'समन्वय' म्हणजे सम् + अनु + इ, एकामागून एक नीट जुळत जाणं. ब्रह्मसूत्रांतलं चौथं सूत्रच 'तत्तु समन्वयात्' असं आहे आणि त्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायाला 'समन्वयाध्याय' म्हणतात. उपनिषदांतली वाक्यं निरनिराळी, पण त्यांचं तात्पर्य एकाच ठिकाणी पोचतं, असा तिथला अर्थ. शाळेत आपण श्लोकाचा 'अन्वय' लावायचो ना, तोच हा. अन्वय लावताना शब्द जागा बदलतात, पण एकाचीही विभक्ती बदलत नाही. प्रत्येक शब्द आपापला प्रत्यय सांभाळून उभा राहतो आणि तरी वाक्याचा अर्थ एकच निघतो. मला तर सरकारी समन्वयाची याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही.

आता 'अखत्यार'. मूळ अरबी 'इख्तियार', म्हणजे निवड, पसंती. ज्याला निवडायची मोकळीक, त्याच्याकडे अधिकार, असा अर्थ सरकत आला. 'मुखत्यार' त्याच मुळाचा. कुलमुखत्यारपत्र करून देतो तेव्हा आपण आपल्या वतीने निवड करण्याचा हक्कच दुसऱ्याला देतो. तेव्हा कसोटी सोपी आहे: जिथला निर्णय या खुर्चीला स्वतःच्या सहीने घेता किंवा फिरवता येतो, ते या खुर्चीच्या अखत्यारीत.

या कसोटीवर तुमचं वाक्य घासून पाहा. ऊर्जा विभाग सरळ अखत्यारीत येतो. राज्यघटनेच्या कलम 166 अन्वये केलेल्या कार्य नियमावलीनुसार सरकारी कामाची वाटणी होते. (या 'अन्वये'तही तोच अन्वय आहे: कलमाला धरून, त्याच्या मागोमाग.) महावितरण ही 2005 मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन झालेली सरकारी मालकीची कंपनी. तिचं संचालक मंडळ वेगळं आहे, तरी 'अखत्यारीतील कंपनी' म्हटलेलं चालेल.

आयोगाला मात्र हा शब्द लावू नका. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग 1999 पासून आहे आणि वीजदर तो ठरवतो. आपल्याकडच्या यंत्रमागवाल्यांना हा फरक चांगला कळतो: दर आयोगाचा, त्यावरची सवलत सरकारची. आयोगाचा आदेश पटला नाही तर दाद मागायची ती अपिलीय न्यायाधिकरणाकडे, मंत्र्यांकडे नाही. वीज अधिनियम 2003 च्या कलम 108 अन्वये सरकार लोकहिताच्या धोरणाबाबत आयोगाला निर्देश देऊ शकतं, पण त्या आयोगाची सही मंत्र्यांच्या हाती येत नाही. अहवालात हा आयोग 'अखत्यारीत' गेला तर शब्द चुकेलच, वाचणाऱ्याची समजूतही चुकेल. म्हणून एवढं लांबण लावलं.

उरलेले दोन शब्द थोडक्यात. 'अधिपत्य' हे रूपच चुकीचं; अधिपतीपासून 'आधिपत्य' होतं. शुद्ध लिहिलं तरी तो राजाचा शब्द आहे, मुलूख जिंकल्यावरचा. 'अधिनस्त' म्हणजे हिंदीतून आलेल्या 'अधीनस्थ'चं बिघडलेलं रूप. कार्यालयीन पत्रांत दोन्ही सर्रास दिसतात, पण 'अधीन' किंवा 'हाताखालची कार्यालये' असताना मला त्यांची गरज वाटत नाही.

आपल्या गावाची एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. मंत्र्याकडे असतं त्याला मराठी माणूस 'खातं' म्हणतो, म्हणजे हिशेबाच्या वहीतलं पान. कानडीत त्याच विभागाला 'इलाखे' म्हणतात. आपल्याकडे तो 'इलाखा' होऊन 'मुंबई इलाखा' असा मुलखाला चिकटला, पण मुळात अरबीत त्याचा अर्थ संबंध, नातं. आणि तेलुगूत विभाग म्हणजे 'शाखा', झाडाची फांदी. सोलापुरात तिन्ही भाषा बोलणारे शेजारी राहतात. एकच कचेरी कुणाला वहीचं पान, कुणाला नातं, कुणाला फांदी.

'समन्वय' नेमका कुठे वापरावा, ते पाहायला आषाढीच्या आधीची तयारी बघा. पालकमंत्री किंवा जिल्हाधिकारी बैठक घेतात. पोलीस आणि आरोग्य यंत्रणा असते, उजनीतून भीमेत पाणी सोडणारा जलसंपदा विभाग असतो (जुनी माणसं अजून 'पाटबंधारे'च म्हणतात), जादा गाड्या सोडणारं एसटी महामंडळ असतं, पंढरपूरची नगरपरिषद असते. मंदिर समिती 1973 च्या कायद्याने चालते आणि रेल्वे तर केंद्राची. बैठक घेणाऱ्याच्या अखत्यारीत यातलं थोडंच, पण वारकऱ्याला चंद्रभागेत पाणी हवं आणि परतायला गाडी हवी. तिथे 'पालकमंत्र्यांनी सर्व यंत्रणांमध्ये समन्वय राखला' हे वाक्य अगदी चपखल बसतं.

तेव्हा ताई, तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'ऊर्जा विभाग व महावितरण कंपनी ऊर्जामंत्र्यांच्या अखत्यारीत येतात. वीज नियामक आयोग स्वतंत्र असून धोरणात्मक बाबींत शासन त्याच्याशी समन्वय ठेवते.' एकाची दोन वाक्यं झाली, ती तशीच राहू द्या. 'शी'च्या जागी पुन्हा 'वर' किंवा 'खाली' येणार नाही, तेवढं मुद्रितं तपासताना बघा.