पट्टा सोडण्याआधी

कुत्रा कितीही गुणी असो, रस्त्यावर, सोसायटीत किंवा बागेत पट्टा सोडू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण खरी भीती वेगळीच. आपल्याकडे गल्लोगल्ली भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या असतात. त्यांच्या हद्दीत मोकळा कुत्रा शिरला की भांडण जुंपतंच. फटाका वाजला तर भेदरलेल्या कुत्र्याला हाक ऐकूच येत नाही.

त्याला धावायला मात्र हवंच, त्याशिवाय तो घरात सोफा कुरतडणार! त्यासाठी 10 मीटरची चपटी नायलॉनची पट्टी घ्या. ती गळपट्ट्याला लावू नका. वेगात धावताना हिसका बसून मानेला इजा होते. हार्नेसच्या, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्याच्या, पाठीवरच्या कडीत अडकवा. हातात मोजे घाला, नाहीतर तळवे सोलून निघतात.

आता हाकेला येण्याचा सराव. सुरुवात 3 मीटरवर. नाव घेऊन एकदाच "ये" म्हणा. आला की हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या आणि परत खेळायला सोडा. ही शेवटची गोष्ट बहुतेकजण विसरतात. हाक म्हणजे खेळ संपला, असं त्याला कळलं की तो यायचं टाळतो. उशिरा आला तरी रागावू नका.

पूर्ण मोकळं सोडायचं तर चारी बाजूंनी कुंपण असलेल्या जागेतच. आधी फाटकाची कडी तपासा.