मोल्सवर्थ हे ब्रिटिश आडनाव मूळचं कुठलं, आज कुठे सापडतं, आणि मराठी शब्दकोशवाले मोल्सवर्थ त्याच लॉर्ड घराण्यातले का?

प्रश्नाचा शेवटचा तुकडा वाचला नसता तर मी लिहिलं नसतं. ‘त्याच घराण्यातले का’ हे मी माहेरी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि त्यावरून माझं एकदा मोठं भांडणही झालंय. म्हणून उत्तर लांबेल.

मोल्सवर्थ हे गाव आहे. जुन्या हंटिंग्डनशायरमध्ये, म्हणजे १९७४ पासून केंब्रिजशायरमध्ये. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, त्याची नोंद आहे. नावाचा अर्थ साधा: मुल नावाच्या कुणा सॅक्सन माणसाचं कुंपण घातलेलं आवार. इंग्लंडात वयस्क माणसांसमोर हे नाव काढलंत तर त्यांना विमानतळ आठवतो. दुसऱ्या महायुद्धात तिथून अमेरिकन बॉम्बर उडायचे. पुढे १९८० च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं आणायचं ठरलं, विरोधकांनी तळ ठोकला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये सैन्य लावून त्यांना हटवलं. संरक्षणमंत्री हेझल्टाइन स्वतः तिथे जाऊन उभे राहिले होते. गाव मात्र छोटं, शेतांमधलं.

मी हंटिंग्डनला राहते, त्यामुळे हे गाव मला जवळच. माझे चुलत दादा मुलाकडे इंग्लंडला आले होते तेव्हा त्यांनी हट्ट धरला, मला मोल्सवर्थला घेऊन चल. दादा बँकेतून निवृत्त झालेले. मोल्सवर्थांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती पुनर्मुद्रित रूपात त्यांच्या टेबलावर कायम उघडी असते, आणि जेवताना एखादा शब्द अडला की ते हात धुऊन आधी कोश बघतात. त्या कोशावरचं त्यांचं प्रेम खरं आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. त्यांना बघायचा होता मोल्सवर्थांचा वाडा.

वाडा नव्हताच. सेंट पीटरचं चर्च होतं, आत भिंतीवर मध्ययुगातली चित्रं, सेंट क्रिस्टोफर आणि सेंट अँथनी. एक आजीबाई फुलदाण्यांतलं पाणी बदलत होत्या. दादांनी त्यांना विचारलं, मोल्सवर्थ मंडळी कुठे राहतात? त्या म्हणाल्या, इथे त्या नावाचं कुणी नाही. त्या नावाची माणसं येतात ती ऑस्ट्रेलियातून, न्यूझीलंडमधून, गाव बघायला, आणि सगळी हाच प्रश्न विचारतात.

दादांचा चेहरा उतरला. गाडीत बसल्यावर म्हणाले, “वंश खुंटला असेल. नाहीतर जमीनदारी गेल्यावर उठून गेले असतील.” मी म्हटलं, “दादा, पुण्यात किती पुणेकर राहतात? आपल्या गावात आपल्या आडनावाचं कुणी होतं का कधी? गाव सोडल्यावरच गावाचं नाव लागतं.” इंग्लंडातही हेच झालं. बाराव्या ते चौदाव्या शतकात आडनावं पिढीजात व्हायला लागली. मोल्सवर्थहून उठून दुसऱ्या गावी गेलेल्या माणसाला तिथले लोक ‘मोल्सवर्थचा’ म्हणू लागले. तो जमीनदाराचा धाकटा मुलगा असेल, नाहीतर मजुरी शोधत गेलेला कुळवाडी असेल. दोघांना नाव एकच लागलं. त्यामुळे अशी आडनावं मूळ गावात शोधायचीच नसतात. आसपासच्या जिल्ह्यांत, बेडफर्डशायर, नॉर्थॅम्प्टनशायर, या बाजूला जुने कागद धुंडाळायचे असतात.

दादा म्हणाले, “ते त्यांचं. आपलं तसं नाही. आपलं घराणं एकच.” आणि इथे माझा तोल गेला, कारण मला त्यांच्या मुलीचं लग्न आठवलं.

त्या लग्नात माझा ऑफिसातला एक मित्र आला होता. त्याचं आडनाव आमचंच, गावही तेच, रत्नागिरी जिल्ह्यातलं, जात वेगळी. पंगतीत कुणीतरी विचारलं, हे तुमच्यातले का? दादा सगळ्यांदेखत म्हणाले, “नाही, नाही, नाव सारखं आहे इतकंच. ते आपल्यातले नव्हेत.” मित्र गप्प जेवला आणि पान न खाता गेला. हेच दादा आमच्या आडनावाचा एक सरदार पेशव्यांच्या कागदात सापडला तेव्हा त्याला एका दिवसात आमचा पूर्वज करून मोकळे झाले. मधल्या पिढ्यांचा एकही कागद नाही. कुलवृत्तांतात त्याचं पान घालायला निघाले होते. म्हणजे सरदाराच्या बाबतीत आडनाव हा पुरावा, आणि माझ्या मित्राच्या बाबतीत ‘नाव सारखं आहे इतकंच’. मी हे त्यांना हंटिंग्डनच्या रस्त्यावर गाडी चालवता चालवता बोलले. ते रागावले, घरी पोचेपर्यंत बोलले नाहीत. आजही मला माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर वाटतं.

तर, तुमचं मोल्सवर्थ. लॉर्ड घराणं आहे, खोटं नाही. उमरावांच्या वंशावळ्या ते एडवर्ड पहिला याच्या काळातल्या वॉल्टर डी मोल्सवर्थपर्यंत नेतात. पुढे नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये फॉदरिंगे येथे घराणं दिसतं. स्कॉटलंडची राणी मेरी हिचा १५८७ मध्ये शिरच्छेद झाला तेच फॉदरिंगे. तिथून दोन फांद्या फुटल्या आणि नाव दोन टोकांना गेलं.

एक गेली कॉर्नवॉलला. जॉन मोल्सवर्थ एलिझाबेथ राणीच्या काळात डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीचा हिशेबतपासनीस होऊन तिकडे गेला आणि बॉडमिनजवळ पेन्कॅरोला स्थायिक झाला. वेडब्रिज गावात आजही मुख्य बाजारपेठेच्या रस्त्याला मोल्सवर्थ स्ट्रीट म्हणतात. या शाखेला १६८९ मध्ये बॅरोनेट ही पदवी मिळाली ती हेन्डर मोल्सवर्थमुळे. हा जमैकाचा गव्हर्नर आणि रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला एजंट होता. कंपनी काय विकत होती? माणसं. हे वंशावळीच्या पुस्तकात बारीक अक्षरात येतं, पदवी मोठ्या अक्षरात येते. थोर पूर्वज शोधायला निघालेल्यांनी आधी हे वाचावं. याच शाखेतला सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) मला आवडतो. तत्त्वज्ञ हॉब्जचे समग्र ग्रंथ त्याने संपादित केले, कैद्यांना ऑस्ट्रेलियात धाडण्याच्या पद्धतीविरुद्ध पार्लमेंटात लढला, वसाहतमंत्री झाला आणि काही महिन्यांतच वारला.

दुसरी शाखा डब्लिनला. रॉबर्ट मोल्सवर्थ डेन्मार्कमध्ये इंग्लंडचा राजदूत होता, १७१६ मध्ये त्याला व्हायकाउंट ही उमरावाची पदवी दिली. त्याचा मुलगा रिचर्ड याने १७०६ च्या रामिलीच्या लढाईत सेनापती मार्लबरोला आपला घोडा देऊन वाचवलं, हे तिकडे कौतुकाने सांगतात. त्याच रिचर्डच्या मुलीला, मेरीला, तिच्या नवऱ्याने दिराशी संबंध असल्याच्या आरोपावरून सुमारे तीस वर्षं घरात कोंडून ठेवलं. ते कमी सांगतात.

आता एक गोष्ट, जी मला नकाशा बघताना फार आवडते. डब्लिनची मोल्सवर्थ स्ट्रीट जिथे संपते तिथे समोर लेन्स्टर हाउस, आयर्लंडची संसद. आणि वेलिंग्टनमध्ये न्यूझीलंडची संसद आहे तीही मोल्सवर्थ स्ट्रीटवर, त्या सर विल्यमच्या नावाची. न्यूझीलंडमधल्या सगळ्यात मोठ्या शेताचं नावही मोल्सवर्थ, सुमारे १,८०,००० हेक्टर. मूठभर लोकांचं आडनाव, पण पाट्या जगभर. म्हणूनच भौगोलिक प्रसार बघताना पाट्या मोजू नका, माणसं मोजा. १८८१ ची खानेसुमारी त्यासाठी सगळ्यात सोयीची, कारण ती पूर्ण उतरवून घेतलेली आहे. त्याआधीचं हवं तर १६६० च्या दशकापासूनच्या चूलपट्टीच्या, म्हणजे घरातल्या चुलींवरच्या कराच्या, याद्या आणि १५३८ पासूनची चर्चची जन्ममृत्यूची दप्तरं.

आणि माणसं मोजतानाही ती तिथे का आहेत ते बघा. लँकेशायरमधल्या रॉचडेलमध्ये तुम्हाला मोल्सवर्थ सापडतील. जॉन एडवर्ड नॅसाउ मोल्सवर्थ तिथे १८४० च्या सुमारास मुख्य पाद्री म्हणून गेले आणि १८७७ मध्ये वारेपर्यंत राहिले. चर्चच्या करावरून सुधारणावादी नेते जॉन ब्राइट यांच्याशी त्यांचं मोठं वाजलं होतं. ही नेमणूक झाली नसती तर ते घर तिथे नसतं. त्यांचा मुलगा गिलफर्ड इंजिनिअर, आधी सिलोनची रेल्वे आणि १८७१ पासून भारत सरकारच्या रेल्वेचा सल्लागार. आपल्याकडच्या जुन्या इंजिनिअरांना मोल्सवर्थ म्हटलं की कोश आठवायचा नाही, याची सूत्रांची खिशातली वही आठवायची. मेलबर्नचे न्यायाधीश सर रॉबर्ट मोल्सवर्थ जन्मले डब्लिनला. नोकरी जिथे नेईल तिथे नाव गेलं.

दुर्मिळ का, याचं उत्तर मुळातच आहे: गाव लहान, त्यामुळे बाहेर पडणारे थोडे. त्यात ज्या घरात मुलगे नाहीत तिथे नाव थांबतं. फ्रान्सिस गॉल्टनला १८७३ मध्ये हाच प्रश्न पडला, की आडनावं नाहीशी का होतात, आणि हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाबरोबर त्याने १८७४ मध्ये त्याचं गणित मांडलं. वंशाचा दोष लागत नाही, शाप लागत नाही. नुसत्या योगायोगानेही बहुतेक नावं काही पिढ्यांत विझतात. (दादांच्या ‘वंश खुंटला’ला हे माझं उत्तर होतं, पण तेव्हा ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.)

आता जेम्स थॉमस मोल्सवर्थ. कोवळ्या वयात मुंबई फौजेत आलेला अधिकारी, १८३१ मध्ये पहिली आवृत्ती, सुमारे ४०,००० शब्द. १८५७ मध्ये दुसरी, ६०,००० च्या घरात. सोबत जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ, आणि ज्यांच्याशिवाय पान हललं नसतं ते आपले शास्त्री, ज्यांच्या पंडितमंडळीचा मराठी-मराठी कोश १८२९ मध्येच निघाला होता. मोल्सवर्थना लोक मोलेसरशास्त्री म्हणत. ही पदवी लोकांनी कामावर दिली. व्हायकाउंटपेक्षा मी ती मोठी मानते. तो माणूस लॉर्डाचा पुतण्या निघाला तर कोशातला एक शब्द वाढणार आहे का? शेतकऱ्याचा मुलगा निघाला तर कमी होणार आहे का?

तरी तुम्हाला शोधायचंच असेल तर आडनावावरून अंदाज बांधत बसू नका. कंपनी सरकारच्या फौजेत भरती होणाऱ्या पोरांचे कॅडेट पेपर्स लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. त्यात बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो आणि शिफारस कुणी केली तेही असतं. त्या दाखल्यावर चर्चचं नाव मिळेल, तिथून आईबाप, तिथून मागे. एकेक पिढी, एकेक कागद. मधली कडी सापडली नाही तर तिथे थांबायचं. सरदारापर्यंत उडी मारायची नाही. आणि ‘मोल्सवर्थ घराण्याचं बोधचिन्ह’ म्हणून चौकटीतलं चित्र कुणी विकत असेल तर पैसे वाया घालवू नका. इंग्लंडात बोधचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. चेशायरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळं गाव आहे, चेस्टर-मँचेस्टर रेल्वेवर. जुन्या दप्तरांत कारकून ऐकू येईल तसं लिहायचे, म्हणून चेशायर-लँकेशायरकडचा एखादा मोल्सवर्थ मुळात तिकडचा असू शकतो. माझा वरचा सगळा नकाशा या शंकेसकट वाचा. आणि दुर्मिळ आडनावांच्या बाबतीत दादांचं म्हणणं सरसकट खोटं नाही, हेही सांगायला हवं. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचे, बापाकडून मुलाकडेच जाणारे वाय गुणसूत्र तपासले, २००९ मध्ये निष्कर्ष छापले. स्मिथसारख्या नावात काही मेळ नाही, पण अॅटनबरोसारख्या दुर्मिळ नावात बहुतेकांचा पूर्वज एकच. तेव्हा सगळे मोल्सवर्थ एकाच माणसाचे निघूही शकतात. तो माणूस लॉर्ड होता की लॉर्डाचा गुराखी, हे मात्र गुणसूत्र सांगत नाही.