शिंपले निवडत बसणाऱ्या मुलीचं पुढे काय?

ताई, नमस्कार.

मुलगी तासन्‌तास क्रिटेशस काळातले, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडातले, जीवाश्म शिंपले वेगळे करत बसते, पुढच्या वर्षी पदवीला विषय निवडायचाय, यावर पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंत. मी स्वतः भूविज्ञान शिकलोय, म्हणून तुम्ही पाठवलेले फोटो बारकाईने पाहिले.

एका फोटोत तिने सुईने माती खरवडून शिंपल्याची बिजागरी, म्हणजे त्याचे दोन भाग जिथे जोडलेले असतात ती कड, मोकळी केलीय. मला तिथेच आनंद झाला. बाहेरचा आकार फसवतो. कालवं तर ज्यावर चिकटून वाढतात, त्याचाच आकार घेतात. खरी ओळख बिजागरीतल्या दातांवरून आणि आतल्या स्नायूंच्या ठशांवरून पटते. ट्रायगोनिया या शिंपल्याच्या दातांवर आडव्या बारीक रेघा असतात, त्या एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. शेवटच्या फोटोतला मात्र शिंपला नाही, ब्रॅकिओपॉड दिसतो, म्हणजे शिंपल्यासारखाच दोन कवचांचा, पण वेगळ्याच गटातला समुद्री प्राणी. त्याच्या दोनपैकी एकाच कवचाच्या मधोमध रेघ ओढा, दोन्ही बाजू सारख्या येतील. तिला रागावू नका, ही चूक सगळ्यांचीच होते.

आता नोकरीचं. नुसते शिंपले ओळखायची कायमची पदं फार थोडी, तीही बहुतेक विद्यापीठांत आणि संग्रहालयांत, पीएचडीनंतर. तेल कंपन्यांतही शिंपल्यांना फारसा वाव नाही, कारण विहीर खोदताना त्यांचा चुरा होतो. तिथे फोरामिनिफेरासारखे सूक्ष्म जीवाश्म कामी येतात. म्हणून पदवी भूविज्ञानाचीच घेऊ द्या, जोडीला प्राणिशास्त्र आणि संख्याशास्त्र. नकाशे, भूजल, खाणकाम या वाटा त्यामुळे खुल्या राहतात.

पण हा छंद वाया जाणारा नाही. कोनियाशियन आणि सँटोनियन या क्रिटेशसच्या दोन टप्प्यांची सुरुवात जगभर इनोसेरामिड या नामशेष शिंपल्यांच्या ठरावीक जातींवरून मानतात. सँटोनियनची प्रमाण जागा, म्हणजे त्याची सुरुवात ज्या खडकात ठरवलीय ती जागा, स्पेनमधल्या ओलासागुतियाच्या खाणीत आहे, 2013 मध्ये ती मान्य झाली. जात चुकली तर खडकाचं वयच चुकतं.

तूर्त तिला एवढंच सांगा: प्रत्येक नमुन्यासोबत जागा, थर आणि तारीख लिहायची. कुठल्या थरातला हे माहीत नसलेला शिंपला अभ्यासाला जवळपास निरुपयोगी. आणि महिनाभर रोज एका बिजागरीचं पेन्सिलीने चित्र काढायचं, फोटो नाही. महिन्यानंतरही ती त्यात रमलेली असेल, तर त्यातली दोन-तीन चित्रं मला पाठवा.