दलदल म्हणू नका हो!

प्रश्न असा : इंग्लंडमध्ये सॉमरसेटला मचलनी नावाचं गाव आहे, ते ‘दलदलीत वसलेलं’ आहे असं वाचलं. ‘दलदल’ शब्द इथे बरोबर आहे का?

नाही. ओली जमीन दिसली की लिहा दलदल! दलदलीत पाय रुततो, गाव वसत नाही. मचलनी आहे पॅरेट नदीकाठच्या सखल कुरणांतल्या उंचवट्यावर. २०१३-१४च्या हिवाळ्यात तिथले रस्ते पुरात बुडाले, तेव्हा गावकरी कित्येक आठवडे होडीनं ये-जा करत होते. कोकणी मित्र ‘खाजण’ सुचवतील. तेही नको, खाजण खाडीच्या खाऱ्या पाण्याचं.

पण खरी गंमत गावाच्या नावात आहे. शेवटचा ‘ई’ म्हणजे जुन्या इंग्रजीतलं ‘एग’, बेट. (‘न’ आधीच्या पदाच्या विभक्तीचा आहे, ‘नी’ हा प्रत्यय नव्हे.) शेजारचं थॉर्नी, ते काटेरी बेट. ‘आयलंड’मध्येही हेच ‘एग’ दडलंय. त्यातला मुका ‘एस’ पुढे ‘आइल’कडे बघून उगाच घुसडला गेला. मचलनीचं पहिलं पद ‘मिचेल’, म्हणजे मोठं, आणि ते आपल्या ‘महत्’चं भावंड. म्हणजे मचलनी झालं महाद्वीप! वस्ती जेमतेम दोनशे.

‘एग’ लॅटिन ‘अक्वा’च्या, म्हणजे पाण्याच्या, कुळातलं. आता कुणीतरी उठून सांगेल, ‘अक्वा म्हणजे आपलं आप!’ भाषणांतून हे ऐकून कान किटले. लॅटिनच्या ‘क्व’समोर संस्कृतात ‘क’ किंवा ‘च’ येतो, क्वात्तुओर-चत्वारः पाहा. ‘प’ कुठून आणलात?

‘अप्’ (हेच ते ‘आप’, संस्कृतातलं पाणी) शोधायचा तर ‘द्वीप’मध्ये शोधा : द्वि + अप्, दोन्हीकडे पाणी. इथे ‘अ’चा ‘ई’ का होतो, ते पाणिनीनं ‘अष्टाध्यायी’त, सूत्र ६.३.९७मध्ये सांगितलंय. आणि लगेच पुढचं सूत्र? ‘ऊदनोर्देशे’! अनु + अप् = अनूप, तेही प्रदेशाचं नाव असेल तरच. अनूप म्हणजे जिथे तिथे पाणी असलेला मुलूख. द्वीप आणि अनूप, एकाला एक लागून दोन सूत्रांत! मचलनी तरी दुसरं काय आहे, अनूपातलं द्वीपच की. पाणिनीनं सॉमरसेट पाहिलं नव्हतं एवढंच.

हां, तुमचा प्रश्न. ‘अनूप’ लिहिलंत तर लोक माणसाचं नाव समजतील. ‘पाणथळ’ लिहा.