एसक्यूएल सर्व्हरमधली माझी स्टोअर्ड प्रोसिजर रोजच फार हळू चालते. सिलेक्टमध्ये तीन-चार फंक्शन्स आहेत. 'विथ रीकंपाइल' टाकून फरक पडेल का?

तीच प्रोसिजर एका शाखेला झटकन आणि दुसरीला रडतखडत चालत असती, तर रीकंपाइलचा, म्हणजे दर वेळी नवा प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचा आराखडा) बनवण्याचा, उपयोग होता. तुमची रोजच हळू आहे. आधी ती फंक्शन्स बघा.

पुण्यात पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत मी होतो. मार्चअखेरीला ठेवींवरचं व्याज काढणारी प्रोसिजर रात्रभर चालायची, सकाळी काउंटर उघडलं तरी संपलेली नसायची. प्रत्येक खात्याचा व्याजदर एक स्केलर फंक्शन, म्हणजे एकच किंमत परत देणारं फंक्शन, शोधायचं. लाख खाती म्हणजे लाख वेळा फंक्शन, आणि दर वेळी आत एक सिलेक्ट. मी हे दाखवलं तर आमचे आर्किटेक्ट म्हणाले, "लॉजिक एका जागी हवं, फंक्शनला हात लावायचा नाही. सर्व्हर कमी पडतोय." संस्थेने मोठा सर्व्हर घेतला, तोही सभासदांच्या पैशातून! फरक नावापुरता. क्वेरीत स्केलर फंक्शन असलं की 2019 च्या आधीचा एसक्यूएल सर्व्हर पॅरलल प्लॅन, म्हणजे काम अनेक कोअरमध्ये वाटणारा प्लॅन, करतच नाही. सोळा कोअर आणले तरी राबणार एकच.

प्लॅनमध्ये हे दिसत नाही, हीच खरी अडचण. तिथे फक्त 'कॉम्प्युट स्केलर' ही एक पायरी दिसते, खर्च जवळपास शून्य. क्वेरीने किती पानं वाचली ते सांगणारं स्टॅटिस्टिक्स आयओ फंक्शनच्या आतल्या रीड्स मोजत नाही. त्यामुळे सगळे इंडेक्सच शोधत बसतात.

शेवटी मी तेच लॉजिक इनलाइन टेबल-व्हॅल्यूड (टेबल परत देणाऱ्या) फंक्शनमध्ये लिहिलं, म्हणजे नुसता एक रिटर्न आणि सिलेक्ट, आणि ते क्रॉस अप्लायने प्रत्येक खात्याच्या ओळीला जोडलं. रात्रभराचं काम चहा पिऊन येईपर्यंत आटोपलं. लॉजिक तरीही एकाच जागी होतं! 'फंक्शन की वेग' हा वादच खोटा होता. बिगिन-एंडवालं मल्टी-स्टेटमेंट फंक्शन मात्र टाळा. 2014 पासून ऑप्टिमायझर त्यात 100 ओळी धरून चालतो, त्याआधी तर एकच धरायचा.

दोन गोष्टी राहिल्या. दर सापडला नाही तर क्रॉस अप्लाय ते खातंच गाळतं, तिथे आउटर अप्लाय लावा, ते खातं ठेवतं. आणि तुमच्याकडे 2019 किंवा पुढची आवृत्ती असून कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसने कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ते ठरवणारी सेटिंग) 150 असेल, तर सर्व्हर बरीच स्केलर फंक्शन्स स्वतःच क्वेरीत उलगडतो. आत गेटडेट, म्हणजे आत्ताची वेळ देणारं फंक्शन, असेल तर मात्र नाही. सिस्टिम व्ह्यू एसक्यूएल मॉड्यूल्समधला 'इज इनलाइनेबल' कॉलम तपासा.

या सोयीची मुळं पवईत आहेत. आयआयटी मुंबईत प्रा. एस. सुदर्शन यांच्या गटाने 2014 मध्ये याच प्रश्नावर पेपर मांडला. त्याच गटातले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, तिथे 'फ्रॉइड' हे फंक्शन्स उलगडणारं तंत्र तयार झालं आणि तेच 2019 च्या आवृत्तीत आलं. तुमच्याकडेही कोणी नव्या सर्व्हरचं कोटेशन मागवत असेल, तर आधी एकच फंक्शन असं बदलून दोन्हींचा वेळ त्यांच्यासमोर मोजा.